चार ते साडेचार

लिफ्ट अडकते तेव्हा आतली माणसं देवाचा धावा करतात आणि बाहेरचा माणूस पान्हा शोधतो. तो बाहेरचा माणूस म्हणजे मी. एकवीस वर्षं हेच काम करतोय. दार उघडल्यावर कोणी "देवानेच वाचवलं" म्हटलं की मी नुसतं वहीत लिहितो: किती वाजता बोलावलं, काय बिघडलं होतं, किती वाजता सुटका झाली. खाली सही.

बायकोचं निराळं होतं. तिचा रविवार चर्चशिवाय जात नसे. मी तिला दारापर्यंत सोडून बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचो. "आत या की. छप्पर काही कोसळत नाही," ती म्हणायची. "कोसळलंच तर बाहेर कोणीतरी कामाचा माणूस नको?" मी म्हणायचो. हाच विनोद एकोणीस वर्षं केला आणि ती बिचारी दर वेळी हसली.

मग तिच्या फुप्फुसांत संसर्ग झाला. साधा ताप म्हणून हॉस्पिटलात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ती व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा न ठेवता बोलले. "औषधं चालू आहेत. आता त्यांचं शरीर किती साथ देतं, ते बघायचं." बिघडलेलं यंत्र निदान उघडून बघता येतं. मी काचेबाहेर उभा राहून तिच्या छातीचं वर-खाली होणं मोजत होतो. काय करावं ते सुचत नव्हतं.

चर्चने तिच्यासाठी साखळी प्रार्थना ठेवली. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत, दर अर्ध्या तासाला एकेकाने चर्चमागच्या छोट्या खोलीत गुडघे टेकायचे आणि साखळी तुटू द्यायची नाही. पाळ्यांचा तक्ता बायकोच्या थोरल्या बहिणीने केला होता. दुपारची चार ते साडेचारची चौकट रिकामी राहिली होती.

"भावोजी, एवढी तुम्ही घ्या," ती म्हणाली.

"मला नाही येत हो ताई."

"येत नाही म्हणजे? बायको आहे तुमची. नुसतं तिचं नाव घेतलंत तरी पुरे."

मी चौकटीत सही केली.

पहिल्या दिवशी निघालो होतो, खोटं नाही सांगत. पण साडेतीनला एका सात मजली इमारतीतून फोन आला. लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये अडकलेली, आत एक गरोदर बाई. तिला बाहेर काढून वहीत सही केली तेव्हा चार पंचवीस झाले होते. साखळी तुटली होती आणि ती मीच तोडली होती.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या जिन्यात साडेचारच्या पाळीच्या बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आज जरा लवकरच पोचले मी," त्या म्हणाल्या. "दारातच थांबले. पन्नास वर्षं चर्चला येतेय, पण अशी प्रार्थना नाही ऐकली. तुम्ही उठेपर्यंत आत यायचा धीर होईना."

"कोण, मी?"

"डोळे किती सुजले होते तुमचे. माझ्या शेजारून गेलात, पण मी दिसलेच नाही तुम्हाला."

बाईंना चष्मा बदलायला हवा, असं मी मनाशी म्हटलं. वर गेलो तर नर्स सांगत होती, दुपारी चारनंतर ऑक्सिजन थोडा वाढलाय.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच गेलो नाही. कुठल्याही बिघाडाची खात्री करायची तर तो पुन्हा घडू द्यावा लागतो. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहा घेऊन चारपासून साडेचारपर्यंत भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून राहिलो.

संध्याकाळी मेव्हणी डोळे पुसत आली. "ती लहानपणी तळ्यात बुडता बुडता वाचली, हे तिने तुम्हाला सांगितलं होतं? साडेचारच्या बाई म्हणाल्या, आज प्रार्थनेत बोललात ते. तेव्हापासून ती झोपेत मुठी आवळते, तेही तुम्ही देवाला सांगितलंत. मला वाटायचं, मी सोडून कोणाला ठाऊक नाही."

मला ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं शेजारी झोपूनही त्या मुठी मी कधी पाहिल्या नव्हत्या. आधी लाज वाटली. भीती नंतर वाटली.

ऑक्सिजन त्याही दिवशी वाढला होता.

तिसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी मी चर्चला वळसा घालून मागे गेलो. नळ, दोन सायकली, वाळत घातलेले टेबलक्लॉथ. खोलीच्या दाराला वरच्या बाजूला काचेची पट्टी आहे. आत एक बाक, भिंतीवर लाकडी क्रूस आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला पाठमोरा माणूस. निळा शर्ट, पाठीवर आमच्या कंपनीचं नाव. पँटच्या मागच्या खिशातून ग्रीसचं फडकं डोकावत होतं. मी माझा खिसा चाचपला. माझं फडकं माझ्याकडेच होतं.

आवाजही माझाच होता. फक्त तो रडत होता, आणि मला माझा आवाज रडताना कधी ऐकू आला नव्हता.

"प्रभू, हिच्यावाचून मी जगू शकत नाही. हिला परत दे. मला दे."

मी दार ढकलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तो थांबला तर?

तरीही चौथ्या दिवशी राहवलं नाही. माझी बायको, माझी पाळी. चारला दोन मिनिटं कमी असताना आधीच्या पाळीचा माणूस बाहेर पडला, तसा खोलीत जाऊन आतून कडी लावली. चार वाजता गुडघे टेकले. तिचं नाव घेतलं. पुढे काही येईना. पुन्हा नाव घेतलं. माझा आवाज भिंतीवर आपटून माझ्याकडेच परत आला. देवाने ऐकावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. मी घड्याळ बघत होतो.

चार वाजून नऊ मिनिटांनी हॉस्पिटलचा फोन आला. ऑक्सिजन झपाट्याने उतरत होता.

मी कडी काढून धावलो. नळापर्यंत पोचतो तोच मागे दार लागलं. आतून कडी सरकली. माझा आवाज सुरू झाला.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा नर्स कपाळाचा घाम पुसत होती. "चार तेराला सावरल्या एकदम," ती म्हणाली. "काय झालं, कळलंच नाही."

पाळकांना एकदा सांगून पाहिलं. "माझ्या जागी दुसरंच कोणीतरी प्रार्थना करतंय."

ते मायेने हसले. "मनापासून केली की माणसाला तसंच वाटतं."

"थांबवता येईल का?"

"थांबवायची कशाला? ऐकली जातेय ना?"

ऐकली जात होती. मी हात टेकले आणि त्यानंतर चर्चकडे फिरकलो नाही. रोज चार वाजता काचेबाहेर उभा राहून आकडे चढताना बघायचो. प्रत्येक आकड्याबरोबर ती माझ्याकडे येत होती की माझ्यापासून लांब जात होती, ते मला सांगता येत नव्हतं.

अकराव्या दिवशी नळी काढली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "ते कुठे आहेत?"

"अगं, मी इथेच आहे."

ती दाराकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, गुंगीमुळे होतं असं.

दोन आठवड्यांनी तिला घरी आणलं. मी दिलेलं खाते, औषध घेते, आभार मानते. परक्याच्या घरी राहायला आल्यासारखी संकोचून वागते. मेव्हणीला मात्र काही खटकत नाही. "तुमच्याबद्दल किती भरभरून बोलते हो!" असं म्हणते.

चार वाजता ती झोपायच्या खोलीत जाऊन दार लावून घेते. सुरुवातीला तिचा एकटीचाच आवाज यायचा.

सोमवारपासून दोन येतात.

आज मी गोळ्या आणि पाण्याचा ग्लास घेऊन दाराबाहेर उभा होतो. आत जायचंच, असं ठरवलं होतं.

"प्रभू, तू माझं सगळं ऐकलंस," आतून माझा आवाज म्हणाला. "आता एकच मागणं. दाराबाहेर जो उभा आहे, तो फार दमलाय. त्याला आता कायमची विश्रांती दे."

मी बायकोच्या आवाजाची वाट बघत राहिलो. ती नाही म्हणेल, निदान कोण उभा आहे ते तरी विचारेल.

ती अगदी मनापासून म्हणाली, "आमेन."