ओल्या टोकाचा दोरा

पिंपळगाव राजा गावात गोधडी शिवावी तर छायानंच, असं बायका म्हणायच्या. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, की एका दमात सुई ओवून मोकळी. त्या उन्हाळ्यात मात्र तिच्या तोंडातली ओलच आटली. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना, ठेच्यानं जीभ पेटायची, दाढा एकामागून एक किडायला लागल्या.

खामगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड मंदावलंय, म्हणाले. त्यापायी लाळेच्या ग्रंथीही सुस्तावतात, आणि लाळ नसली की दातांना राखण उरत नाही. रोज उपाशीपोटी गोळी घ्यायची, पण फरक पडायला दीड-दोन महिने लागतील.

गोधड्या काय तोवर थांबणार होत्या? सासू मनकर्णाबाई मदतीला बसल्या. सत्तरीतही दातांनी ऊस सोलणारी म्हातारी ती. त्या टोक ओलं करून द्यायच्या आणि छाया सवयीनं तेच पुन्हा आपल्या ओठांत धरायची. घरच्या घरात उष्ट्याचं काय एवढं!

आठवड्यातच छायाचं तोंड ओलावलं. गोळीनं भलताच लवकर गुण दिला म्हणून ती हरखली. मग एका सकाळी तोंडात कात-चुन्याची चव आली. तिनं जन्मात पान खाल्लं नव्हतं. पान खायच्या त्या मनकर्णाबाई, आणि त्यांचा विडा गालात तसाच कोरडा पडला होता.

"काऊन वो छाया," त्या म्हणाल्या, "आज पान रंगूनच नाही राह्यलं."

छायानं शिवण गुंडाळून ठेवली. सासूला त्याच डॉक्टरांकडे नेलं. थायरॉइड ठीक, साखर ठीक, ग्रंथी ठीक. वय झालं, म्हणाले.

म्हातारीचे दात हलू लागले. घास गालात फिरायचा, खाली जायचा नाही. इकडे छायाचं तोंड लाळेनं भरभरून यायचं. तिला स्वतःचीच किळस आली.

तिनं स्वतःच्या तोंडात दोरा भिजवून सासूच्या ओठांत दिला. तो कोरडाच बाहेर आला.

शेवटी पाणीही उतरेना. चमच्यातलं पाणी ओठांवरून उशीवर ओघळलं. छाया रडत खाटेशी बसून राहिली. तोंड भरलं, तसा तिनं नकळत आवंढा गिळला.

खाटेवर म्हातारीचा गळा हलला.

"बरं वाटलं," डोळे न उघडता मनकर्णाबाई म्हणाल्या. "आखीन एक घोट घे वो माय. मले लय तहान लागली."