ताडाचा खुंट

नवशा बोईसरहून दोरखंड घेऊन एसटीतून उतरला, तेव्हा त्याला सल्ला द्यायला अर्धा गाव किनाऱ्यावर हजर होता. गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. तारापूरजवळ खाडीच्या तोंडाशी त्यांचं गाव. ज्याच्याकडे होडी नाही त्याला कोणी विचारत नाही आणि ज्यानं पहिल्यांदाच होडी घेतली त्याला कोणी सोडत नाही, अशी तिथली रीत.

“नायलॉनची घेतली? हात कापल ती,” एक म्हातारा म्हणाला.

“काथ्याची घेतली असती तर तुमीच म्हणला असता, कुजल.” नवशानं भेंडोळं खांद्यावर सावरलं आणि तो चालू लागला. मनातून मात्र त्याला गुदगुल्या होत होत्या. आजवर तो दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी होता. जाळं दुसऱ्याचं, मासळी दुसऱ्याची, शिव्या तेवढ्या आपल्या. आता शिव्या द्यायला कोणी उरलं नव्हतं, याचंच त्याला अप्रूप वाटत होतं.

होडी तशी लहानशी, किनारा धरून फिरणारी. चिंचणीच्या एका थकलेल्या मालकाकडून घेतलेली. इंजिन नाही. एक शीड, दोन वल्ही, मागं सुकाणू, संपलं. पण नवशानं तिचं असं काही कौतुक मांडलं, की नवरीनं लाजावं. फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, वरून राळ भरली, अख्ख्या अंगाला माशाचं तेल चोपडलं. मंजुळानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ओट्यावर बसून शीड शिवलं आणि रोज संध्याकाळी नाकाला पदर लावून विचारलं, “आज होडीतच निजणार, का घरात येणार?” तिचा भाऊ दामू त्याचा एकुलता एक खलाशी. तो हसून हसून लोळायचा. नवशा आता म्हातारा झालाय, पण ते दिवस आठवले की अजून त्याच्या नाकाला तो राळेचा आणि तेलाचा वास येतो, आणि डोळे उगाच भरतात.

सगळं जमलं. अडलं ते खुंटावर.

डोलीचं जाळं म्हणजे मोठी लांबट पिशवी. उथळ समुद्रात तळाशी दोन खुंट रोवायचे, त्यांना तिचं तोंड बांधायचं, भरती-ओहोटीच्या ओढीनं मासळी आपसूक आत जाते. एक खुंट जुन्या मालकानं दिला होता. दुसरा हवा होता, चांगला लांब आणि सरळसोट. मनोरच्या वखारीत लाकूड होतं, पण ते आणायचं कसं आणि कधी? मोसम कोणासाठी थांबत नाही. आणि नवशाच्या घरामागं, अगदी वाळूच्या कडेला, एक ताड उभा होता.

हा ताड म्हणजे त्याच्या बापाची खूण. नवशाचा बाप, चिंतू, समुद्रावरून परतताना हा ताड बघून होडी वळवायचा. ताड दिसला की घर आलं. नवशा लहान असताना, तारापूरच्या अणुशक्ती केंद्राचं काम सुरू व्हायच्याही आधी, एका संध्याकाळी धुकं उतरलं आणि चिंतू परत आला नाही. होडी नाही, वल्हं नाही, काही म्हणता काही किनाऱ्याला लागलं नाही. भावकीतल्या बायका नवशाच्या आईच्या, हिराच्या, बांगड्या फोडायला आल्या. हिरानं हात पाठीमागं लपवले.

“मढं दाखवा,” ती म्हणाली. “मग फोडा.”

मढं कोणी दाखवू शकलं नाही. हिराच्या कपाळावर कुंकू राहिलं आणि हातात हिरव्या बांगड्या राहिल्या. गाव आधी कुजबुजलं, मग सवयीचं झालं. फक्त संध्याकाळी ती ओट्यावर बसायची आणि ताडाकडं बघायची. वाऱ्यावर त्याच्या झावळ्या खडखडायच्या. त्या आवाजावर नवशा लहानाचा मोठा झाला. दुसरं अंगाईगीत त्याला ठाऊकच नव्हतं.

त्या ताडावर कुऱ्हाड घालायची म्हणजे... पण नवशानं घातली. पहिल्या होडीची हौस माणसाला आंधळं करते.

हिरा रडली नाही, ओरडली नाही. ताड आडवा झाल्यावर तिनं मोकळ्या आभाळाकडं पाहिलं.

“मंग आता तो येल कसा?” तिनं विचारलं.

“आये, इतक्या वर्सांत आला का तो?”

“खूण होती तवर वाट तरी होती.” ती आत गेली आणि चूल फुंकत बसली.

शेजारच्या दोन होड्यांनी हात लावला आणि ताडाचा सोट समुद्रात उभा राहिला. ओहोटीला त्याचं वीतभर टोक पाण्यावर दिसायचं. मग होडी उतरवायचा दिवस आला. हिरा कधी किनाऱ्यावर यायची नाही, पण त्या सकाळी ती आली. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या उभ्या लाकडावर, घरातल्या थोरल्या बाईनं कुंकवाचे टिळे लावायचे असतात. जितकी माणसं होडीत जाणार, तितके टिळे. समुद्राला सांगायचं, एवढी नेतोस, एवढी परत आण.

हिरानं एक टिळा लावला. दुसरा लावला. मग बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि तिसरा लावला.

“आये, आमी दोघंच,” नवशा हळूच म्हणाला.

“मला मोजता येतं,” हिरा म्हणाली आणि घराकडं वळली.

लावलेला टिळा पुसायचा नसतो. लोकांनी नारळ फोडला, होडी ढकलली, एकदाचं घोडं गंगेत न्हालं. पण पाण्यात जाताच ती मागून खाली बसली. सुकाणूपाशी कुणीतरी जडसं बसावं, तशी. “तळातले दगड पुढं सारा रे!” किनाऱ्यावरून सल्ला आला. दोघांनी तोल राखायला ठेवलेले दगड पुढं सारले. होडी तशीच राहिली.

“आपल्याला नवी हाय. रुळल,” दामू म्हणाला. नवशा सुकाणूपाशी टेकला. आपण टेकलो त्या फळीवर उजव्या अंगाला जागा कमी आहे, असं त्याला सारखं वाटत होतं.

दुपार मात्र सोन्यासारखी गेली. जाळं लागलं, ओढ सरली, जवळा आला, बोंबील आले, चार कोळंब्याही आल्या. दामूनं आनंदानं एक गाणं मोडकंतोडकं म्हटलं. उन्हं उतरली तेव्हा त्यांनी शीड सोडलं आणि नाळ घराकडं केली. आणि तिन्हीसांजेला पश्चिमेकडून धुकं आलं.

आधी ते पाण्यावर पातळ पसरलं. मग किनारा गेला, मग शिडाचं टोक गेलं. वारा पडला. उरला फक्त वल्ह्यांचा आवाज आणि ओल्या जाळ्याचा वास. दामू वल्हवत होता, नवशा सुकाणूवर होता. बरंच अंतर गेल्यावर समोर काहीतरी काळं दिसलं. पाण्यातून वर आलेलं, वीतभर.

“खुंट?” दामू म्हणाला. “भावजी, आपलाच खुंट... गोल फिरलो आपण.”

“धुक्यात होतं तसं.” नवशानं सुकाणू फिरवलं. या वेळी त्यानं लाटांचा रोख नीट धरला, डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. पण हाताखालचं सुकाणू जरा जरा दुसरीकडं वळत होतं. जोरानं नाही. चुकणाऱ्या पोराचा हात बापानं धरून सरळ करावा, तसं. आणि पुन्हा समोर तोच खुंट आला.

दामूनं वल्ही थांबवली. “भावजी... ऐकताय?”

नवशा ऐकत होता. वर, धुक्यात, खुंटाच्या डोक्यावर, ताडाच्या झावळ्या खडखडत होत्या.

झावळ्या कुठल्या? त्यानं स्वतः शेंडा तोडला होता. झावळ्यांवर मंजुळानं स्वयंपाक केला होता. वाराही नव्हता. तरी तो आवाज येत होता, संथ, सुका, लहानपणी पांघरुणात ऐकलेला तोच. नवशाच्या अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी, काय नवल, त्याला इतकं घरच्यासारखं वाटलं, की तिथंच निजावं. होडी आपण होऊन खुंटाला येऊन टेकली आणि थांबली. घरी पोचल्यासारखी.

तेव्हा त्याला उमगलं. सुकाणू ज्याच्या हातात होतं, तो वाट चुकलेला नव्हता. तो बरोबर ताडापाशीच येत होता. ताडच जागेवर नव्हता.

“दामू, वल्ही आत घे. बोलू नको,” नवशा म्हणाला. मग त्यानं शेजारच्या मोकळ्या जागेकडं तोंड केलं.

“बा... ताड मी कापला. होडीपायी. हे घर नाय, हा खुंट हाय आपला... घर तिकडं हाय.”

झावळ्यांचा आवाज थांबला.

“त्या अंगाला बघ. पिवळं दिसतं ना थोडं? ते अणुशक्तीचे दिवे. तू गेलास तवा नव्हते ते. आता समदे तेच बघून येतात. ते दिवे उजवीकडं ठेवायचे, मंग आपली खाडी लागते...” त्याचा आवाज फुटला. “आये वाट बघते, बा. चल.”

बराच वेळ काही झालं नाही. पाणी फळ्यांना चुबुक चुबुक लागत होतं. दामू डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. मग सुकाणू नवशाच्या हातासकट हळूहळू वळलं. त्या पिवळ्या डागाकडं बघत, अडखळत, नवी वाट विचारत चाललेल्या माणसासारखी होडी निघाली. नवशानं सुकाणू नुसतं धरून ठेवलं. ढकललं नाही, ओढलं नाही. असं बापाशेजारी बसायला त्याला पुन्हा कधी मिळणार होतं?

वाळूला होडी लागली आणि मागची बाजू एकदम वर उचलली गेली. इतकी, की दामू पुढं कोलमडला. तळातले दगड आता पुढं जास्त झाले होते.

दोघं घाबरून तिथंच बसून राहिले. मग नवशानं दामूला होडीपाशी ठेवलं आणि तो घराकडं निघाला. मंजुळा कंदील घेऊन अर्ध्या वाटेवर भेटली. तिच्या तोंडावर रंग नव्हता.

“आयेंना बघा तुमी... सकाळी किनाऱ्यावरनं आल्यापास्नं ओट्यावरनं हलल्या नायत. मी आत चुलीशी होते. आत्ता कोनाशी तरी बोलत होत्या.”

हिरा ओट्यावर बसली होती. कपाळ पुसलेलं होतं. इतक्या वर्षांत नवशानं ते कपाळ मोकळं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला वाटलं, आपली आई किती म्हातारी आहे.

“आये...”

“उशीर केला म्हणून रागावले मी,” हिरा शांतपणे म्हणाली. “तर म्हणतो, माझी काय चूक? ताड खुंटाला लावला ते पोरानं सांगितलं तवा कळलं. लई दिवे झालेत म्हणाला तिकडं. डोळे दिपतात.”

नवशानं वळून वाळूकडं पाहिलं. होडीतलं ते बोलणं दामूशिवाय कोणी ऐकलं नव्हतं, आणि दामू अजून वाळूवरच होता. त्याला हुंदका आला. बाप घरी आला होता, आणि आला म्हणूनच आई विधवा झाली होती.

“बांगड्या कोनी फोडल्या?” त्यानं विचारलं. तिचे हात रिकामे होते.

“फोडल्या नाय.” हिरानं बाजूचं सूप पुढं सारलं.

सुपात सगळ्या बांगड्या अखंड होत्या. एकीलाही तडा नव्हता. हिराच्या बोटांच्या गाठी इतक्या वाढल्या होत्या, की दर वेळी कासारणीलाही जुन्या बांगड्या फोडूनच काढाव्या लागायच्या.

“मंग काढल्या कोनी, आये?”

“ज्याच्या नावानं भरल्या त्यानं,” हिरा म्हणाली.

मंजुळानं कंदील जवळ धरला. बांगड्यांना वाळू चिकटली होती, आणि ती अजून ओली होती.