मॅडॉक्सच्या कुंपणावरचे बोडके देठ

किटलीचं बटण खट् करून उडालं आणि ईनिड लव्हटच्या स्वयंपाकघरातली शांतता मोडली. खिडकीतल्या जिरेनियमची सुकलेली फुलं खुडत उभ्या असलेल्या ईनिडने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि पाणी चहाच्या भांड्यात ओतलं.

"आजी, माझंपण!" पाच वर्षांच्या एफीने मुठीतलं फूल तिच्या खिशात कोंबलं. दारामागच्या खुंटीवर ईनिडचा बागकामाचा जुना कोट कायम लटकलेला असे. आज खुंटी मोकळी होती, म्हणून एफीने आपली टोपी तिथे अडकवली होती.

एफीच्या आईला, पोलीस सार्जंट रोवेना टकेटला, आज सुटी होती. एरवी ती कामावर गेली की एफी इथेच असायची, शेजारीण ईनिडच्या देखरेखीखाली. दुपारी पलीकडच्या गॉडफ्री मॅडॉक्सची बाग गावाला बघायला खुली होणार होती.

"तुम्ही येताय ना?" रोवेनाने विचारलं.

"त्याच्या बागेत? मार्चमध्ये आमचं वाजलं, तेव्हापासून पाय नाही ठेवला मी." ईनिडने खिडकीबाहेर पाहिलं. तिच्या नवऱ्याने, स्टॅन्लीने लावलेला मॅग्नोलिया वृक्ष ऐन जूनमध्ये खराट्यासारखा उभा होता. स्टॅन्लीची राख त्याच्याच बुंध्याशी पुरलेली होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली.

"एफीला आतच ठेवा!" म्हणत रोवेना धावली.

मॅडॉक्स हिरवळीवर पालथा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटून आत गेली होती. मानेवर दुसरा घाव होता, हाडापर्यंत उतरलेला. पांढऱ्या फॉक्सग्लोव्हच्या फुलांवर रक्त उडालं होतं आणि माश्या जमायला लागल्या होत्या. शेजारी माळी लेन प्रॉसर गुडघ्यांवर बसलेला, कोपरापर्यंत लाल. हातात हिरवळीच्या कडा कापायचं लांब दांड्याचं अर्धगोल पातं.

"ते खाली ठेव, लेन."

"मी फक्त उपसलं, बाई. मानेत रुतलं होतं."

"सकाळी तुमचं भांडण कशावरून झालं?"

"हाकललं मला. पाहुणे गेले की चालता हो, म्हणाला. अख्ख्या गावाने ऐकलंय. घाला बेड्या आणि व्हा मोकळ्या!"

"पातं इथे कुणी ठेवलं?"

"मीच. कडा कापल्या, माती झाडली, पातं जमिनीत रोवलं आणि केक आणायला गावाच्या हॉलवर गेलो. परत येतो तर हे."

केक हिरवळीवर उपडा पडला होता. रोवेनाची नजर प्रेताजवळच्या गुलाबाच्या कुंपणावर गेली. सगळीकडे तपकिरी पडलेली जुनी फुलं लोंबत होती. फक्त इथे, हात पोचेल एवढ्या भागात, नुसते देठ. टोकं ओली होती.

"ही फुलं तू खुडलीस?"

लेन उसळला. "डोकं फिरलंय का माझं? सुकलेली फुलं खुडली तर त्यांची फळं, बोंडं कशी धरतील? हिवाळ्यातल्या लाल बोंडांसाठीच तर हे कुंपण आहे. मालक स्वतःसुद्धा हात लावायचा नाही त्याला."

रोवेनाने खाली पाहिलं. माती स्वच्छ होती. एक पाकळी नाही.

कुणीतरी इथे मॅडॉक्सची वाट बघत उभं होतं. वाट बघताना बोटं आपसूक चालत राहिली. आणि खुडलेलं जमिनीवर न टाकता...

एफी!

ती कुंपणातल्या फटीतून ओरबाडली जात घुसली. स्वयंपाकघरात एफी ईनिडच्या मांडीवर बसून जॅम लावलेला स्कोन खात होती. ईनिडचा हात तिच्या केसांतून फिरत होता.

"एफी, पुढच्या अंगणात जा. माझ्यासाठी डेझीची फुलं आण." रोवेना दारातूनच म्हणाली. लेक बाहेर जाताच तिने दार ओढून घेतलं.

"ईनिड, तुमचा कोट कुठे आहे?"

"धुवायला टाकलाय."

"खिसे रिकामे केलेत?"

ईनिड टेबलावरचे स्कोनचे कण गोळा करू लागली.

"लेन त्या कुंपणाला हात लावणार नाही. बोंडं जातील, हे त्याला ठाऊक आहे. बाहेरचा चोर फुलं खुडत बसणार नाही. तिथे बागेत वाढलेला माणूस उभा होता, पण त्या बागेतला नव्हे. खुडलेलं फूल खिशात घालणारा. मघाशी तुम्ही इथे घातलंत, तसं."

"तुझं लक्ष असतं हं," ईनिड हळूच म्हणाली. "कोट पावसाच्या पाण्याच्या पिंपात आहे."

रोवेनाने मागच्या दाराशी जाऊन पिंपाचं झाकण काढलं. पाणी लालसर झालं होतं. कोटाच्या खिशातून मऊ पडलेले गुलाबांचे गोळे निघाले.

"सकाळी मॅग्नोलियाच्या बुंध्याला भोकं सापडली," मागून ईनिड सांगत होती. "गिरमिटाने पाडलेली. आत तणनाशक. त्याच्या गुलाबांवर सावली पडत होती ना! विचारायला गेले. वाट बघितली. आला, तर हसला. म्हणाला, राखेचं खत तरी झालं का काही? आणि पाठ फिरवून चालायला लागला. लेनचं पातं शेजारीच रोवलेलं होतं." तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. "पहिल्या घावाने तो गुडघ्यांवर आला. तेव्हा थांबता आलं असतं मला."

"का नाही थांबलात?"

"तो अजून हसतोय असं वाटलं."

रोवेनाने फोन लावला. पोलिसांची गाडी आली, तेव्हा ईनिडने एप्रन काढून त्याची घडी केली, ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि स्वतःच गाडीकडे चालत गेली. काचेआडून तिने एफीला हात केला. एफीनेही केला.

गाडी वळणापलीकडे गेली. एफी चुरगळलेल्या डेझी मुठीत धरून आईला बिलगली.

"आई, आजी म्हणते, सुकलेलं फूल खुडलं की तिथे नवं येतं. मग आता नवी आजी कधी येणार?"