पुसलेलं गोंदण

विचारायचं तरी होतं मला. नम्रता, माझी सून, बारावी शिकलेली, पण एवढी रीत तिला कळली नाही. आमच्या पाली गावातल्या बायकांचा बचत गट ती चालवते. माझा मुलगा संदेश मुंबईला, पण त्याच्या तोंडाकडे बघत बसणाऱ्यांतली ती नव्हे, म्हणून मला आवडते. गटाच्या उटण्याच्या डब्यावर तिने माझा फोटो छापला. छापू दे. सत्तरी उलटली तरी तोंड माझं अजून बघण्यासारखं आहे. पण हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके फोटोत नव्हते. रत्नागिरीच्या कॉम्प्युटरवाल्याने ते पुसले आणि हिने पुसू दिले. वर मोठ्या अक्षरांत छापलं, ‘मी आहे तशीच सुंदर’. मी चौथी नापास, पण एवढं वाचता येतं.

शहरातल्या बायकांना डाग आवडत नाहीत म्हणे. डाग! सात वर्षांची होते तेव्हा आयेने मला मांडीत धरून ते गोंदवून घेतले. मी हलले म्हणून मधला ठिपका जरा खाली आला. आये मला बाय म्हणायची. म्हणाली, बाय, मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. मी न्यायला येईन तेव्हा त्यावरूनच तुला ओळखीन.

डबे बाजारात गेले त्या आठवड्यात आरशात बघते तर डावीकडचा ठिपका फिका. उटण्याने झालं असेल म्हणून मी ते लावायचं सोडलं. चार दिवसांनी ठिपका नव्हताच. मग उजवीकडचा गेला. नजर कमी झाली असेल म्हणून डॉक्टरकडे गेले. नजर चांगली आहे म्हणाला.

मधला गेला त्या सकाळी मासेवाली हौसा बांगडे घेऊन आली. वीस वर्षं ती माझ्याच चिऱ्याच्या पायरीवर टोपली उतरवते आणि माझ्याशीच भांडते. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “म्हातारी हाय काय घरात?”

मी हसले नाही. तीही हसत नव्हती.

नम्रताला मी सगळं बोलले. आये आता मला ओळखणार कशी, हेही बोलले. पोरीने उरलेले डबे ओटीवर मांडले आणि हिरवं पेन घेऊन प्रत्येक फोटोवर तीन तीन ठिपके काढत बसली. दोन दिवस बसली. राग होताच माझा, तरी चहा नेऊन दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी डबे बघितले. सगळ्या फोटोंतली हनुवटी कोरी. शाई फुटलेली नव्हती, कागद ओला नव्हता.

नम्रता तोंड धुऊन आली. हनुवटीला शाई राहिली होती.

मी पदराने पुसली. निघाली नाही.

बोट ओलं करून घासली. शाई कातडीच्या आत होती. तीन ठिपके. मधला जरा खाली.

“आई,” ती हळू म्हणाली, “सकाळपासून परसातून मला कोण बाय म्हणून हाक मारतंय?”

“ओ दिलीस काय?”

“एकदा.”

मागचं दार उघडं होतं. परसात कोणी नव्हतं. मी दार लावलं नाही. पाट ओढून उंबऱ्याशी बसले आणि तिला पाठीमागे घेतलं.

“चूक तुझी आहे, गो. पण हाक माझी आहे. परत आली की तू तोंड मिटून बसायचं. ओ मी देणार.”