अर्धा आटा

उसाचा हंगाम ऐन भरात आलेला. गाणी वाजवत ट्रॅक्टर चाललेले, आणि मागच्या ट्रॉल्यांमधून रस्ताभर कांडी सांडत चाललेली. मलकापूरच्या सर्व्हिस रोडला कृष्णातचं सायकलीचं दुकान होतं. त्या दुपारी दुकानापुढं एक मुलगी येऊन उभी राहिली. सायकलवर बसून नव्हे — सायकल खांद्यावर घेऊन.

मागच्या चाकाच्या तारांत हातभर उसाचं कांडं अडकलेलं. गुडघा सोललेला. कपाळावरची बट घामानं चिकटलेली, पण डोळ्यांत रडू नव्हतं. राग होता.

"आवं, सायकल तुमाला न्हेती, का तुमी सायकलीला?" कृष्णातच्या तोंडून निसटलंच.

"वार लावून घेतल्यात आमी," ती म्हणाली. "आज तिचा बसायचा वार."

शेजारी कांदे-बटाटे विकणारी धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसली. कृष्णातनं कांडं ओढून काढलं आणि तिच्यापुढं धरलं. "घ्या. तुमचा ऊस."

तिनं खरंच घेतलं. पायरीवर बसली, दातानं साल सोलली आणि रस चोखत खायला लागली… कृष्णातच्या हातातला पाना कुठला बोल्ट धरायचा ते विसरून गेला.

सायकल लाखात एक होती. वाकडं हँडल, बारीक टायर, ॲल्युमिनियमची निळी फ्रेम. शर्यतीची जात. पण सीट खाली दाबून पार फ्रेमला टेकवलेली, तरी हँडल तिच्या हाताला लांबच पडणार.

"ही तुमची न्हाई," तो म्हणाला. "सहा फुटी गड्याची हाय. भावाची असंल तर भावाला म्हणावं, बहिणीला दुसरी घे."

ती चघळायची थांबली.

"जयराजदादाची हाय," ती हळू म्हणाली. "फौजेत हुता. लडाखला बर्फाखाली… दोन वर्षं झाली. सुट्टीवर आला की हिच्यावर बसून साताऱ्यापातूर जायचा. यवतेश्वरचा घाट एका दमात चढायचा. मला म्हणायचा, संयू, पुढच्या बारीला तुला न्हेतो."

 कृष्णातनं तिच्या गुडघ्याला लावायला हळदीची पूड धोंडुबाईकडून मागून आणली. तेवढंच सुचलं.

ती संयोगिता. पलूसजवळच्या गावची, एका निवृत्त हवालदाराची लेक. गणपतीनंतर यवतेश्वरच्या घाटात राज्याच्या संघासाठी निवडीची शर्यत होती. पहिल्या तिघी संघात. संघात गेलं की खेळाडूंच्या जागेवर पोलिसात भरती व्हायची वाट मोकळी. आबांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, तिला सांगून ठेवलेलं, "दसऱ्यापातूर तुझं. त्यापुढं आमचं." त्यापुढं म्हणजे लग्न. आणि तिला तो घाट दादाच्याच सायकलवर चढायचा होता.

"मग ही तुमच्या अंगाला बसवू," कृष्णात म्हणाला. "आन हलकी करू. चढाला वजन वैरी असतंय."

त्यानं सायकल धोंडुबाईच्या कांद्याच्या काट्यावर टांगून धरली. दहा किलो नऊशे.

"कसं दिलं किलोभर?" धोंडुबाईनं विचारलं.

"इकायची न्हाई, मावशी," संयोगिता म्हणाली. "वाळवायची हाय."

तेव्हापासून दर शनिवारी ती यायची. पलूसपासून चाळीसेक किलोमीटर, शेणोलीवरून, उसाच्या हिरव्या भिंतींमधून. दर शनिवारी सायकलचं एक अंग बदलायचं. आधी मापं झाली. भिंतीला टेकून ती उभी राहिली, कृष्णातनं टेप धरला. खांदा ते मनगट… मनगटाशी त्याचं बोट क्षणभर रेंगाळलं. "किती?" तिनं विचारलं. त्यानं आकडा पाहिलाच नव्हता. परत मोजावं लागलं.

रुंद हँडल जाऊन अरुंद आलं. सीटखालचा जड दांडा जाऊन कार्बनचा आला. पुण्याहून जुनी पण हलकी चाकं आली. जयराजचं काढलेलं सगळं कृष्णात पुसून, कागदात गुंडाळून एका पोत्यात ठेवायचा. कधी न सांगता ती त्या पोत्याला हात लावून यायची, देवाला लावावा तसा.

"चढाला दम कसा धरता?" त्यानं एकदा विचारलं.

"ओवी म्हणते. आई शेतात भांगलताना म्हणती ती. एका शब्दाला एक पाय."

"म्हणा की."

"हसायचं न्हाई…" असं म्हणून तिनं रस्त्याकडं तोंड करून म्हटली —

बंधू गेला दूरदेशी, त्याचा घोडा माझ्या दारी
ओवी गाते गं घाटाला, चढ होऊ दे उतारी

कृष्णात हसला नाही. पाने-स्क्रू आवरायचं नाटक करत राहिला.

शेवटी एक काम उरलं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची नळी हँडलच्या वर दोन बोटं उंच राहत होती.

"बाकीचं सगळं परत बसवता येतंय," तो म्हणाला. "पर नळी कापली की कापली. इचार कर."

कधी 'तुमी'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"काप," ती म्हणाली. आणि नळी तिनंच दोन्ही हातांनी धरली. करवतीच्या पात्याखालचा कीस तिच्या मनगटावर चांदीसारखा सांडत राहिला. तुकडा टपकन खाली पडला तेव्हा तिनं डोळे मिटले होते.

काट्यावर सायकल आठ किलो सातशे भरली. धोंडुबाई कृष्णातकडं बघून म्हणाली, "सायकल वाळवता वाळवता तूच वाळलास की रं."

झालं. काम संपलं… आणि कृष्णातच्या मनात आलं: काम संपलं तर शनिवार कशाला उगवायचा?

मागच्या गिअरच्या केबलीला टोकाशी बोटाच्या पेराएवढी एक फिरकी असते. ती एकेक आटा, म्हणजे एकेक फेरा, फिरवून गिअर जुळवायचे. अर्धा आटा चुकला, तर चेन दातांवर नीट बसत नाही. कटकट, कटकट करत राहते. कृष्णातनं त्या दिवशी सायकल तिच्या हाती देताना ती फिरकी अर्धा आटा ढिली केली.

पुढच्या शनिवारी ती दारात हजर. "पाचव्या गिअरला कटकटतीय."

"बघतो," तो म्हणाला. आवळली. चहा झाला, गप्पा झाल्या. आणि जाताना पुन्हा… अर्धा आटा.

आखाड गेला, श्रावण गेला. दर शनिवारी तेच वाक्य, तेच "बघतो". मनातलं सांगायला किती शनिवार मिळाले! एकदा तिनं त्याच्या गालावरचं काळं ग्रीस ओढणीच्या टोकानं पुसलं, एकदा त्यानं तिच्या वेणीत अडकलेलं उसाचं पातं काढलं. पण ओठावरचा शब्द ओठावरच राहायचा. शर्यत झाली की सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. शर्यतीच्या आदल्या शनिवारी ती येणारच होती. तेव्हा फिरकी पुरी आवळायची. पुन्हा कधी ढिली करायची नाही.

त्या शनिवारी ती आली नाही.

दुपार उलटली तसा त्यानं तिला फोन लावला. उचलला आबांनी.

"कोण?"

"मी… मलकापूरचा सायकलवाला."

"व्हय व्हय! आवं, सकाळीच आमी साताऱ्याला आलो गाडीतनं. मीच म्हटलं, पोरीचं पाय दमवायचं न्हाईत. पोराची सायकल मी सोता मांडीवर धरून आणली." त्या जाड आवाजात काहीतरी ओलं होतं. "ती झोपलीय जरा. काय काम हुतं?"

काय काम होतं? फिरकी अर्धा आटा ढिली आहे, तेवढी आवळायला सांगा. एवढंच म्हणायचं होतं. पण आबा विचारणार, ढिली कशी? आणि मग…

"काय न्हाई आबा," कृष्णात म्हणाला. "सायकल एकदम नीट हाय, तेवढं सांगायचं हुतं."

शर्यतीच्या सकाळी पहिल्या एसटीनं तो निघाला. स्टँडवरून घाटाच्या तोंडाशी पोचला तेव्हा मुली नुकत्याच सुटल्या होत्या. धुकं उतरलेलं, कडेला सोनकीची पिवळी फुलं ओली झालेली. तो धावत धावत वर चढला. चौथ्या वळणावर त्याला ती दिसली.

ती उतरली होती. चेन दातांवरून निसटून चाकात रुतलेली. उघड्या हातांनी ती ओढत होती, आणि एक… दोन… तीन मुली तिच्या बाजूनं वर गेल्या. कृष्णात पुढं झाला, तर गळ्यात शिट्टी घातलेल्या पंचानं त्याला अडवलं. बाहेरच्या माणसानं हात लावला तर ती बाद. चेन बसली. काळ्या हातांनी हँडल धरून ती उभ्यानं पॅडल मारत निघाली. त्याच्या बाजूनं गेली तेव्हा तिचे ओठ हलत होते. ओवी पहिल्या शब्दापासून पुन्हा धरली होती तिनं.

चौथी आली. अकरा सेकंदांनी संघ हुकला.

वरच्या पठारावर आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. ती सायकलकडं बघत होती. कृष्णातला पुढं जाववलं नाही.

दसरा झाला. दिवाळीच्या आधी एका दुपारी ती दुकानात आली. सायकल हातात धरून, चालत.

"हिच्यावर दादाचं सगळं परत चढव," ती म्हणाली. "माझं काढून टाक. मी गेल्यावर ती आबांजवळ राहणार. दादाची म्हणून राहू दे."

"गेल्यावर म्हंजे?"

"मार्गशीर्षात लग्न हाय. नागपूरचं हायेत, रेल्वेत. दसऱ्याला शब्द दिला आबांना."

कृष्णातनं पोतं ओढलं. पहिला कागद उलगडला आणि परत गुंडाळला. 

"संयू… ती चेन आपसूक न्हाई पडली. मी… तू परत यावीस म्हणून अर्धा आटा—"

"ढिला ठेवायचास. दर खेपंला."

त्यानं मान वर केली.

"चौथ्या खेपंलाच कळलं मला," ती म्हणाली. "घरी फिरवून बघितली. कटकट थांबली. मग मीच परत ढिली केली."

"का?"

"आवाज थांबला तर मलकापूरला कशाला जातीस, असं आईनं विचारलं असतं की."

हसू आलं तिला. ते डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत विरलं.

"शर्यतीच्या दिवशीबी बोट ठेवलं हुतं फिरकीवर. म्हटलं आवळावी. मग वाटलं, हे त्यानं ठेवलेलं हाय. घाटात तेवढंच संगती आसू दे… एवढ्या कटकटीनं कोण हरतंय? असं वाटलं बघ."

रस्त्यावरून उसाची पहिली ट्रॉली गाणी वाजवत गेली. 

"मी आबांकडं येतो," कृष्णात म्हणाला. "आज येतो. सगळं सांगतो. पाया पडतो. माझं… माझं लय मन हाय तुझ्यावर, संयू. पयल्या कांड्यापास्नं हाय."

"माझंबी हाय रं." किती सहज म्हणाली ती. एवढे शनिवार अडलेला शब्द असा सहज पडला, झाडावरून पान पडावं तसा. "पर आबांनी ती सायकल मांडीवर धरून आणली हुती. तू त्यांना नीट हाय म्हणालास. मीबी काय बोलले न्हाई. आपण दोघांनी मिळून दादाला घाटात पाडलं, कृष्णात. तुझ्या घरात आले तरी त्यो आवाज यील मला. भाकरी थापताना यील. तुलाबी यील."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण त्याला तो आवाज आत्ताही येत होता.

मग त्यानं काम सुरू केलं. आधी हलकी चाकं उतरली, जड चढली. मग कार्बनचा दांडा गेला, मग अरुंद हँडल निघालं, रुंद चढलं. ज्या क्रमानं ती तिची झाली होती, त्याच्या उलट्या क्रमानं ती पुन्हा जयराजची झाली. धोंडुबाईनं न विचारता काट्यावरची टोपली उचलून बाजूला ठेवली.

दहा किलो आठशे ऐंशी.

"आगुदर नऊशे भरली हुती," धोंडुबाई म्हणाली. "ईस ग्रॅम कुटं गेलं रं?"

 कृष्णातनं गल्ल्याच्या खणातून नळीचा तो दोन बोटांचा तुकडा काढला आणि तळहातावर धरला. संयोगितानं त्याची मूठ आपल्या हातानं मिटवली.

"सायकल तेवढीच माझी. तुझ्याजवळ राहू दे."

शेवटी त्यानं फिरकीला हात लावला. कान देऊन, हळूहळू, अर्धा आटा… पुरा आवळला. चाक फिरवून पाहिलं. चेन पाण्यासारखी वाहत होती.

सीट आता तिला उंच होती, तरी ती टाचा उचलून चढली. रस्त्यावर एक लांब फेरी मारून परत आली. पायरीला पाय टेकून उभी राहिली.

"पाचव्याला कटकटतीय," ती म्हणाली.

"न्हाई संयू. ह्या बारीला पुरी आवळलीय."

"ठावं हाय," ती म्हणाली. "उगंच म्हटलं."

आणि शेणोलीच्या वाटेनं, दोन्ही बाजूंच्या उसामधून ती निघून गेली. कृष्णात दारात कान देऊन उभा राहिला. लांबवर जाईपर्यंत सायकलचा काहीसुद्धा आवाज आला नाही.