वर्सोव्याचं पाणी

मला थापाड्या म्हणणारे खुशाल म्हणोत. ही गोष्ट मात्र माझ्याच घरात घडली. साल १९८४, अंधेरी.

माझ्या बायकोचा, सुगंधाचा भाऊ लवू आमच्याकडे राहायचा. त्याला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचे होते. ते लगेच सोडायचे नसतात. आधी काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरायचं, एक मेलेली कोळंबी टाकायची, ती कुजू द्यायची. महिनाभराने पाणी तयार होतं, मगच मासे.

पाणी आणायला लवू आणि त्याचा मित्र शिवदास वर्सोव्याच्या खडकांवर गेले.

परत आला एकटा लवू. रिक्षात सहा भरलेले कॅन घेऊन...

"त्याचा पाय घसरला, भावोजी. मी लांब होतो."

शिवदास सापडलाच नाही.

टाकी भरली. कोळंबी पडली.

पंधरा दिवस झाले... कुजेना.

वीस दिवस... तशीच ताजी. आत्ताच कोळणीच्या पाटीतून उचलल्यासारखी.

मग एका रविवारी पाणी हललं. सकाळी चार बोटं खाली... दुपारी काठोकाठ.

मी पेपरातली भरतीची वेळ पाहिली.

मिनिटाचा फरक नव्हता.

"लवू, खरं बोल. काय केलंस?"

तो काचेकडेच बघत होता.

"शिवदास बुडत होता. म्हणाला, रिकामा कॅन फेक रे, धरून तरंगतो. पण सगळे भरले होते. एक ओतला असता तर..."

"मग ओतला का नाहीस?"

"परत कोण भरणार होतं, भावोजी?"

सुगंधा किंचाळली. "मेल्या, ते पाणी जिथलं तिथे टाकून ये! तो सोडायचा नाही तुला!"

टाकीतलं दोन कॅन पाणी काढून संध्याकाळच्या ओहोटीला मी लवूसोबत गेलो; उरलेलं पुढच्या खेपेला न्यायचं होतं. अजून उजेड होता. खडकांवर घोटाभर पाणी. लवूने पहिला कॅन ओतला.

"शिवदास, माफ कर यार..."



मी विडी पेटवायला मान खाली घातली. बस, तेवढंच.

वर पाहिलं...

लवू नव्हता.

ना हाक, ना लाट. घोटाभर पाण्यात माणूस जातो कुठे?

घरी आलो तर सुगंधा नाकाला पदर लावून दारातच उभी.

कोळंबी कुजली होती.

महिन्याभरात पाणी आरशासारखं झालं. "त्याची हौस होती हो," सुगंधा रडत म्हणाली. मी दोन मासे सोडले.

अकरा वर्षं जगले. चांगले गुबगुबीत.

आम्ही टाकलेल्या खाण्याला मात्र त्यांनी कधीच तोंड लावलं नाही...