खवल्यांवरची नावं

खण्ण.

दुपारच्या सामसूम घरात डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत कॉटखाली गेलं. कृत्तिका धावत आली, तर तिचे आजोबा, नाना, एका हाताने खिडकीचा गज धरून, डोळे मिटून उभे होते.

"काही नाही गं," ते म्हणाले. "घर जरा डोललं."

घरं काही डोलत नाहीत, डोलतात त्या होड्या. आणि तेच तर कोडं होतं. नाना चाळीस वर्षं तांडेल (होडीचा मुख्य चालक) होते. भर तुफानातही त्यांना कधी घेरी आली नव्हती. गेले तीन आठवडे मात्र बसल्या जागेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि संध्याकाळपर्यंत पाय सुजून चपलेत मावायचे नाहीत. मंगळवारी तर ते धक्क्यावर पडलेच. तेव्हापासून आईने दोघांची खाडी बंद केली. कृत्तिकाचं नानांकडून वल्हवायला शिकणं अर्धंच राहिलं. पण त्याहून वाईट म्हणजे, नाना दिवसभर खिडकीतून भरती-ओहोटी बघत बसू लागले. "वय झालं माझं," असंही म्हणू लागले. याआधी ते असं कधी म्हणाले नव्हते.

गोष्ट २०५८ सालची आहे. गावातल्या मोठ्या होड्या तेव्हा उन्हावर चालत आणि आरोग्यकेंद्रात कणी नावाची यंत्रमानव होती. आईने नानांना तिथे नेलं. सोबत तो डबाही घेतला.

डबा मसाल्याचा होता. फक्त मोहरी-हळदीच्या जागी त्याच्या सात वाट्यांत गोळ्या होत्या. नवं पाकीट आणलं की नाना सगळ्या गोळ्या काढून रंगाप्रमाणे वाट्यांत भरत. बारीक अक्षरं वाचत बसण्यापेक्षा रंग बरे, असं त्यांचं म्हणणं. एखाद्या दिवशी आमटीला औषधाची फोडणी बसेल, असं आई चेष्टेने म्हणायची.

केंद्रात शमीमताई काझी औषधतज्ज्ञ होत्या (औषधं देणाऱ्या आणि ती नीट घेतली जातात ना, हे बघणाऱ्या). त्यांनी नानांचा रक्तदाब (वाहणाऱ्या रक्ताचा रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा जोर) आधी झोपवून मोजला, मग उभं करून. उभं राहताच आकडा घसरला. कणीने डब्यात डोकावून पाहिलं.

"रंगावरून अंदाज करता येईल," ती म्हणाली. "पण औषधात अंदाज नको. पाकिटं कुठे आहेत?"

"किटूला विचारा," नाना म्हणाले.

कृत्तिकाचे कान लाल झाले. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पुठ्ठ्याचा हातभर मासा केला होता, आणि त्याला चंदेरी खवले हवे होते. नानांच्या रिकाम्या पाकिटांइतकं चकचकीत घरात दुसरं काय असणार? ती धावत घरी गेली आणि मासा काखेत मारून आली.

कणी शेपटीपासून वाचत निघाली. कल्ल्यांपाशी येऊन थांबली. शमीमताईंनी भिंग कृत्तिकाच्या हातात दिलं.

"तूच वाच. मोठं नाव नको, त्याच्याखालचं बारीक."

एका खवल्यावर मोठ्या अक्षरांत 'शांतव्हेल' होतं, दुसऱ्यावर 'निरामोल'. खाली मात्र दोन्हीकडे एकच शब्द होता. ॲम्लोडिपिन.

"म्हणजे गुलाबी आणि पिवळी एकच?"

शमीमताईंनी तिला विचारलं, शाळेत तुला काय म्हणतात? कृत्तिका. आणि घरी? किटू. समज, आईने कृत्तिकाला दोन लाडू दिले आणि ते ठाऊक नसलेल्या आत्याने किटूला दोन दिले. तर पोट कुणाचं दुखेल?

कृत्तिका हसली, आणि हसता हसताच तिला समजलं. मोठं नाव कंपनीने ठेवलेलं, हाक मारायचं. बारीक नाव औषधाचं मूळ नाव. हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं, म्हणजे रक्तदाब उतरतो. नानांना ते दुप्पट मिळत होतं. दाब इतका उतरायचा, की उठून उभं राहताना डोक्याकडे रक्त कमी पोचायचं. घेरी त्याची. पायांची सूजही त्याचीच.

गुलाबी गोळ्या गावच्या डॉक्टरांच्या होत्या, पिवळ्या महिन्याभरापूर्वी दाखवलेल्या शहरातल्या डॉक्टरांच्या. मग शहरातल्यांना का नाही सांगितलं, आईने विचारलं.

"एका डॉक्टरापुढे दुसऱ्याचं नाव काढायचं?" नाना म्हणाले. "बरं दिसतं का ते?"

"तांडेल," शमीमताई म्हणाल्या, "एका होडीची दोन सुकाणू दोघांनी एकमेकांना न विचारता फिरवली, तर?"

नानांनी डबा शमीमताईंपुढे सरकवला.

कृत्तिकाने गुलाबी वाटी उचलली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. शमीमताईंनी तिचा हात धरला. कुठली गोळी थांबवायची, हे आपण ठरवायचं नाही. त्यांनी दोन्ही डॉक्टरांना एकाच पडद्यावर आणलं. दोघांनी बोलून एक गोळी ठेवली, एक थांबवली. कणीने सगळ्या औषधांची मूळ नावं ठळक अक्षरांत एका कार्डावर छापून दिली. डॉक्टर कुठलाही असो, आधी हे कार्ड पुढे करायचं.

मसाल्याच्या डब्यात पुन्हा मोहरी आली. दोन आठवड्यांनी नाना खिडकी न धरता उठले. पुन्हा एकदा रक्तदाब मोजून झाल्यावर आईने खाडीची बंदी उठवली.

पहिल्या फेरीला नानांनी शमीमताईंनाच होडीत बसवलं. वल्हं कृत्तिकाच्या हातात होतं. आभार मानणं नानांना जमत नसे. त्यांनी पानात बांधलेली ताजी कोळंबी शमीमताईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, घर डोलायचं थांबलं गं."

शमीमताईंनी पदराने डोळे टिपले. खारं वारं लागलं, म्हणाल्या. मासा आता आरोग्यकेंद्राच्या भिंतीवर आहे, हेही त्यांनी सांगितलं. येणारा प्रत्येक जण तो बघतो आणि दुसऱ्या दिवशी आपली पाकिटं घेऊन येतो.

कृत्तिकाने वल्हं पाण्यातून वर उचललं. थेंब टपटपत राहिले. पलीकडच्या काठावर घरांची लांबच लांब रांग दिसत होती.

"शमीमताई, तिकडच्या ज्या आजोबांकडे मासा नाही, त्यांचं घर डोललं तर त्यांना काय वाटत असेल? वय झालं, असंच?"

शमीमताईंनी त्या काठाकडे पाहिलं. होडी हळूहळू तिकडेच निघाली होती.